कोष्टक, आलेख आणि साचा : अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगणकावर एखादी आकृती काढावयाची असेल तर आज कोणीही कोऱ्या कागदापासून प्रारंभ करीत नाही. प्रवाहआकृती, संस्थेची रचना, वंशावळ, कालपट, स्तंभालेख यांचे साचे आज्ञावलीत तयार असतात. वापरणाऱ्याने चौकोनात शब्द भरावयाचे, बाण जोडावयाचे, एवढेच काम उरते. महाविद्यालयीन चर्चासत्रांतून सादर होणारे बहुतेक सर्व तक्ते आज याच मार्गाने तयार होतात. या सोयीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मात्र साचा ही मुळात संगणकाने आणलेली वस्तू नव्हे आणि तो केवळ सोयीचा भागही नव्हे. वस्तूंची व घटनांची मांडणी कोणत्या रकान्यात करावयाची हे आधी ठरले म्हणजे काय दिसेल आणि काय दिसणार नाही हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अगदी जवळच्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे मुंबईतील कुलाबा येथे सुरू झालेली आणि १९०४ पासून अलिबागेत चालू असलेली भूचुंबकीय निरीक्षणांची परंपरा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकावरील कुलाबा आणि अलिबाग हे ज्याचे मुख्य ठाणे तो कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) ही दोन वेगळी स्थळे आहेत. वेधशाळा एका कुलाब्यातून निघून दुसऱ्या कुलाब्यात आली, हा योगायोगच म्हणावा लागेल. त्यामुळे जुने संदर्भ वाचताना घोटाळा होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईतील कुलाबा असेच समजावे.

साच्याची आपली परंपरा

मराठी समाजाला कोष्टकांची व ठरीव नमुन्यांची ओळख इंग्रजी अमलाने करून दिली असे मानण्याचे कारण नाही. पंचांग हे तर रचनाबद्ध तक्त्याचे उत्तम उदाहरण होय. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांचे रकाने शतकानुशतके तेच राहिले. दरवर्षी बदलले ते आतील आकडे. हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक हे राज्यकारभारातील लेखनाचे दंडक घालून देणारे प्रकरण होते. पेशवे दफ्तरातील रोजकीर्द आणि खतावणी यांचाही विचार याच दृष्टीने करता येतो. रोजकीर्दीत घटना ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने नोंद होते, तर खतावणीत तीच रक्कम खातेनिहाय जाऊन बसते. माहिती एकच असते. पण पहिल्या साच्यातून दिवस दिसतो आणि दुसऱ्यातून माणूस दिसतो. ज्याला सावकाराची बाकी पाहावयाची आहे त्याला रोजकीर्द निरुपयोगी आणि ज्याला एखाद्या दिवशीची धामधूम समजून घ्यावयाची आहे त्याला खतावणी निरुपयोगी. हिशेबनिसांना हा भेद पक्का ठाऊक होता. त्याविषयी कोणी सिद्धान्त मांडला नाही इतकेच.

या परंपरेतून आलेला आणि नव्या विद्येच्या साच्यांत तयार झालेला एक पुरुष म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. त्यांचा जन्म अलिबागनजीकच्या नागाव येथे १६ मे १८२५ रोजी झाला. चुलते सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी त्यांचे मुंबईत शिक्षण केले. १८४० मध्ये, जेमतेम पंधराव्या वर्षी, कुलाबा वेधशाळेत प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली दरमहा ५० रुपये वेतनावर ते रुजू झाले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे हवामानाच्या व चुंबकीय निरीक्षणांचे काम केले. पुढे केरूनाना पुण्यास गेले, प्राध्यापक झाले, लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून ख्यात झाले. १८६० मध्ये त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. वेध घेऊन सिद्ध झालेल्या गणितावर पंचांग उभे करावे हा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच पुढे पटवर्धनी पंचांगाची प्रथा निघाली. ग्रंथाच्या नावातच ‘कोष्टके’ हा शब्द असावा याचे आश्चर्य वाटू नये. ज्या तरुणाची उमेदीची दहा वर्षे ठरल्या वेळी उपकरण वाचून ठरल्या घरात आकडा लिहिण्यात गेली, त्याची विद्या कोष्टकाच्या रूपाने प्रकट व्हावी हे स्वाभाविकच होय. पंचांगाचे पाच रकाने त्यांनी मोडले नाहीत. आत भरावयाचे आकडे कोठून यावेत, एवढेच त्यांनी बदलू पाहिले. आणि तेवढ्यावरूनही मोठा वाद झाला.

कुलाब्याची वहीतील घरे

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोलनिरीक्षणासाठी स्थापन केली होती. चुंबकीय निरीक्षणांना तेथे १८४१ मध्ये प्रारंभ झाला. त्यामागील प्रेरणा स्थानिक नव्हती. जर्मनीत गाउस व वेबर यांनी ग्योटिंगेन येथून १८३० च्या दशकात एक चुंबकीय संघ चालविला होता. निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांनी ठरलेल्या दिवशी, ग्योटिंगेनच्या वेळेनुसार, एकाच क्षणी चुंबकसूचीचे वाचन करावे अशी ती योजना होती. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने तिचा विस्तार केला. निरीक्षकांसाठी सविस्तर सूचना छापल्या गेल्या, आणि कंपनी सरकारने सिमला, मद्रास, सिंगापूर येथेही वेधशाळा उभारल्या. या साऱ्या उद्योगाचा कणा म्हणजे सर्वत्र सारखे असलेले कोष्टक. मुंबईचा आकडा आणि टोरँटोचा आकडा एकमेकांशेजारी ठेवता यावा यासाठी दोन्हीकडे रकाने सारखे हवेत, तास सारखे हवेत, एकके जुळवून घेता यायला हवीत. उपकरणे कमीअधिक चांगली असली तर दुरुस्ती करता येते. साचेच निराळे असतील तर तुलनाच संभवत नाही.

दिवसाच्या चोवीस तासांचे चोवीस रकाने आणि महिन्याच्या दिवसांच्या तीस-एकतीस ओळी हे या कोष्टकाचे सामान्य रूप. उजवीकडे दिवसाची सरासरी, खाली प्रत्येक तासाची मासिक सरासरी. या साच्याचा गुण असा की नियमित दैनंदिन बदल त्यातून आपोआप वर येतो. खालच्या ओळीकडे नजर टाकली की दुपारी चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक वाढतो व रात्री उतरतो हे कोणालाही दिसावे. मात्र ज्या घटना तासाच्या मापात बसत नाहीत त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न साच्याने सोडविलेला नव्हता.

तो प्रश्न २ सप्टेंबर १८५९ रोजी उभा राहिला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर एक प्रखर ज्वाला पाहिली होती. त्यानंतर अठरा तासांच्या आतच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ज्ञात इतिहासातील बहुधा सर्वांत मोठे वादळ उठले. युरोपातील अनेक उपकरणांचे वाचन मापनपट्टीबाहेर गेले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र नित्याच्या तासागणिक वाचनांवर न थांबता अधिक जवळजवळच्या अंतराने वाचने घेतली आणि ती स्वतंत्रपणे नोंदविली. निम्न अक्षांशावरील त्या वादळाची आज उपलब्ध असलेली सर्वांत मोलाची नोंद कुलाब्याची आहे ती या दक्षतेमुळे. ठरीव साच्याबाहेर जाऊन काम करण्याची मुभा व शिस्त दोन्ही त्या निरीक्षकांकडे होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या नोंदीचे पुढचे चरित्र तर अधिकच उद्बोधक आहे. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गोन्सालेस, गुरबक्ष लाखिना व अलेक्स यांनी कुलाब्याच्या आकड्यांवरून असे दाखविले की क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. तीन वर्षांनी सिस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदर्शनास आणले की आजची वादळे ज्या निर्देशांकाने मोजली जातात तो तासाच्या सरासरीवर आधारलेला आहे. कुलाब्याच्या वाचनांची तशीच तासाची सरासरी केली असता आकडा सुमारे उणे ८५० येतो. म्हणजे घटना तीच, वही तीच. पण घर पाच-पंधरा मिनिटांचे की तासाचे एवढ्या फरकाने वादळ निम्मे होते. यात कोणाचेही गणित चुकलेले नाही. २०२२ मध्ये हायाकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याचे १८५९ चे वार्षिक पुस्तकच शोधून काढून प्रसिद्ध केले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. त्या पुस्तकातील तासागणिक नोंदींचे आणि प्रसंगविशेषी घेतलेल्या नोंदींचे आकडे वादळाच्या शिखरापाशी परस्परांशी जुळत नाहीत. एकीकडे उणे १६९१ तर दुसरीकडे उणे १२६३ असे मूल्य निघते. एकाच वेधशाळेच्या, एकाच पुस्तकातील दोन कोष्टकांत चारशेहून अधिक नॅनोटेस्लांचे अंतर! तासाच्या सरासरीचे त्यांचे स्वतःचे अनुमान निरनिराळ्या गृहीतकांनुसार उणे ९१८ ते उणे ९७९ यांच्या दरम्यान येते.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणातून जे दिसते ते पदार्थवैज्ञानिकाला दिसणाऱ्या गोष्टीहून थोडे वेगळे आहे. आपण साधनाची चिकित्सा करताना लेखक कोण, हेतू काय, प्रत कोणती हे विचारतो. कोष्टकाच्या बाबतीत मात्र ही चिकित्सा सहसा होत नाही. आकडा छापील घरात बसला की तो निर्विवाद मानण्याची आपली सवय आहे. १८५९ चे उदाहरण सांगते की घराची रुंदी हाही साधनचिकित्सेचा विषय आहे.

ट्राम आणि स्थलांतर

१८७० च्या दशकाच्या आरंभापासून कुलाब्यास छायाचित्रणाच्या साहाय्याने अखंड नोंद करणारी उपकरणे आली. चुंबकाला जोडलेल्या लहान आरशावरून प्रकाशाचा किरण परावर्तित होतो आणि फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या प्रकाशसंवेदी कागदावर रेघ उमटवितो. स्थिर आरशावरून येणारा दुसरा किरण आधाररेषा काढतो. आता तासातासाला जागून आकडा लिहिण्याची गरज संपली होती, कारण चुंबक स्वतःच आपला आलेख काढू लागला होता. परंतु कोष्टक संपले नाही. उलट आलेखावरून कोष्टक तयार करण्याचे नवे काम निर्माण झाले. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांचे विद्युतीकरण करण्याचे ठरू लागले (विजेची पहिली ट्राम प्रत्यक्षात १९०७ मध्ये धावली). विजेचे प्रवाह जमिनीतून वाहू लागले म्हणजे सूक्ष्म चुंबकीय नोंदी निरर्थक होणार हे उघड होते. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. मूस यांनी पर्यायी जागेचा शोध केला आणि मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड झाली. अलिबाग सागरकिनारी असल्याने तापमानात फार चढउतार नव्हते, तेथे विजेच्या गाड्या येण्याचा संभव नव्हता, आणि ते मुंबईपासून फार दूरही नव्हते. इमारती लोखंडविरहित हव्यात म्हणून पोरबंदरचा अचुंबकीय दगड तपासून घेऊन वापरण्यात आला. बिजागरी-खिळ्यांपर्यंत पितळ व तांब्याचाच वापर झाला. अलिबागचे समुद्रस्नान आणि कुलाबा किल्ला पाहून परतणाऱ्या सहलकऱ्यांना या इमारतींचा पत्ता क्वचितच असतो.

येथे मूस यांनी केलेली एक गोष्ट साच्याच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे. कुलाब्याची उपकरणे लगेच बंद न करता १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे चालविण्यात आली. दोन स्थळांतील अंतर मोजून घेतल्याखेरीज जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येत नाही. ही दोन वर्षे नसती तर कुलाब्याची सहा दशके आणि अलिबागचे शतक ही दोन तुटक टिपणे राहिली असती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील मुंबईच्या चुंबकीय निरीक्षणांचा व त्यांच्या चर्चेचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील मांडणी पाहिली तर मूस केवळ संग्राहक नव्हते हे स्पष्ट होते. अनेक वादळे निवडून, प्रत्येकाच्या प्रारंभक्षणापासून तास मोजून, ती एकाखाली एक ठेवून त्यांनी सरासरी काढली. घड्याळाच्या तासाऐवजी वादळाच्या आरंभापासूनचा तास हा रकान्याचा मथळा झाला. हा बदल क्षुल्लक वाटेल. पण त्यामुळेच वादळाची सामान्य प्रकृती नजरेस आली. क्षैतिज घटक आरंभी थोडा वाढतो, मग बराच घसरतो आणि नंतर दीर्घकाळ सावकाश सावरतो. घड्याळी तासांच्या कोष्टकात हे रूप कधीच दिसले नसते, कारण प्रत्येक वादळ निराळ्या तासाला सुरू होते व सरासरीत एकमेकांस खाऊन टाकते. पुढे सिडनी चॅपमन यांनी १९१८ च्या सुमारास वादळांचा जो अभ्यास केला तो याच प्रकारच्या मांडणीवर उभा आहे. आपल्याकडील विज्ञानेतिहासात मूस यांचा उल्लेख ‘पहिले भारतीय संचालक’ एवढ्यावर आटोपतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे खरे कर्तृत्व या नव्या कोष्टकात आहे.

पारदर्शक पट्टी

आता आलेखावरून कोष्टक कसे होते ते पाहू. नळकांड्यावरून काढून धुतलेल्या कागदावर दिवसभराची वक्ररेषा आणि तिच्या खाली आधाररेषा असते. गणक त्यावर खुणा कोरलेली पारदर्शक पट्टी ठेवतो. पट्टीवरील दोन उभ्या रेषांत एक तास बसतो. त्या तासातील वक्राची सरासरी उंची गणक नजरेने ठरवितो, म्हणजे आडवी रेघ अशी ठेवावयाची की तिच्या वरचे व खालचे क्षेत्र समान भासावे. ती उंची मोजून, मापनगुणकाने गुणून, आधारमूल्यात मिळवावयाची आणि कोष्टकात लिहावयाची. आधाररेषेचे मूल्य निरपेक्ष उपकरणांनी वेळोवेळी तपासावयाचे. मापनगुणक व आधारमूल्य यांवाचून तो सुंदर आलेख म्हणजे कागदावरील एक नागमोडी रेघ, याहून अधिक काही नव्हे.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ युलिउस बार्टेल्स यांनी ‘के’ निर्देशांक प्रचारात आणला आणि या पट्टीला नवा उपयोग आला. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग करावयाचे आणि प्रत्येक भागातील अनियमित चढउतारास ० ते ९ पैकी एक अंक द्यावयाचा. अंकांच्या मर्यादा सम अंतरावर नसतात. जर्मनीतील नीमेक वेधशाळेसाठी त्या ५, १०, २०, ४०, ७०, १२०, २००, ३३० आणि ५०० अशा आहेत. निम्न अक्षांशांवर चढउतार कमी असल्याने तेथे नऊ या अंकाची मर्यादा ३०० च्या आसपास घेतात. म्हणजे जागतिक साचा एकच, परंतु प्रत्येक स्थळासाठी त्याचे माप वेगळे बेतलेले. शिंप्याचा कागदी नमुना आणि अंगरखा यांचे नाते येथे आठवावे.

बार्टेल्स यांचे दुसरे योगदान आकृतीच्या मांडणीचे आहे. निर्देशांकांच्या ओळी त्यांनी महिन्याप्रमाणे न पाडता सूर्याच्या परिवलनास अनुसरून २७ दिवसांच्या पाडल्या. संगीताच्या पाश्चात्त्य स्वरलिपीसारख्या दिसणाऱ्या त्या आकृतीत एखादा अशांत काळ पुढच्या ओळीत बरोबर त्याच जागेखाली पुन्हा आलेला दिसतो. एकतीस दिवसांच्या ओळीत हीच खूण दर महिन्यास सरकत जाते आणि विखुरते. ओळीची लांबी बदलल्याने निसर्गातील नियम डोळ्यांना दिसावा, याहून साच्याच्या सामर्थ्याचा अधिक चांगला पुरावा कोणता असेल?

त्या सामर्थ्याला दुसरी बाजू आहे. जागतिक ‘केपी’ निर्देशांक मुख्यतः मध्य अक्षांशांच्या, त्यातही बव्हंशी युरोप-अमेरिकेतील, वेधशाळांवर आधारलेला आहे. अलिबाग त्यात नाही. विषुववृत्तालगतच्या वादळांचे माप देणारा ‘डीएसटी’ निर्देशांक मासाहिसा सुगिउरा यांनी आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी प्रथम काढला तेव्हा आठ वेधशाळांत अलिबागचा समावेश होता. पुढे तो हरमानस, काकिओका, होनोलुलू व सान हुआन या चार ठिकाणांवर स्थिर झाला. दक्षिण आफ्रिकेतील हरमानस व जपानमधील काकिओका यांच्यामध्ये रेखावृत्तांचे मोठे अंतर आहे आणि अलिबाग नेमके त्या पोकळीत येते. येथे अन्याय झाला असे म्हणण्याचा हेतू नाही. एकसारखी मालिका टिकविण्यासाठी मोजकी केंद्रे धरावी लागतात हे मान्य. परंतु एकदा चार घरांचा साचा रूढ झाला की पाचव्या घराचा आकडा, तो कितीही चांगला असला तरी, सहज नजरेआड होतो.

आज्ञावलीतील साचे

पारदर्शक पट्टीचे आणखी एक भावंड याच काळात अन्यत्र जन्मास आले. १९२१ मध्ये फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दाम्पत्याने कारखान्यातील कामाचे टप्पे चिन्हांनी दाखविण्याची पद्धत अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांपुढे मांडली. १९४७ मध्ये गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी संगणकाचे काम दाखविण्यासाठी प्रवाहआकृतींचा उपयोग केला. पुढे कार्यक्रमकारांच्या हाती चौकोन, समभुज चौकोन, वर्तुळ कापलेली प्लास्टिकची पट्टी आली. आपल्याकडेही संगणक शिकलेल्या पहिल्या पिढीच्या कंपासपेटीत ती असे. चिन्हांचे आंतरराष्ट्रीय मानक १९८५ मध्ये निश्चित झाले. १९९२ मध्ये ‘व्हिजिओ’ ही आज्ञावली बाजारात आली (२००० मध्ये ती मायक्रोसॉफ्टने घेतली) आणि तिने या पट्टीलाच पडद्यावर आणले. चिन्हांच्या संचाला तेथे ‘स्टेन्सिल’ आणि संपूर्ण मांडणीला ‘टेम्प्लेट’ म्हणतात, ती नावे त्या प्लास्टिकच्या पट्टीचीच आहेत. या आज्ञावलीतील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. पडद्यावरील प्रत्येक आकाराच्या मागे सूत्रांचे एक कोष्टक दडलेले असते. रुंदी, उंची, जोडबिंदू, मजकुराची जागा हे सर्व त्या कोष्टकातील घरांत असते. कुलाब्यात आलेखाचे कोष्टक होई; येथे कोष्टकाची आकृती होते.

भूचुंबकीय नोंदींचाही प्रवास असाच झाला. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली व अलिबागची वेधशाळा तिच्याकडे आली. आज तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. तासागणिक मूल्यांसाठी जागतिक विदाकेंद्रांनी ठरविलेल्या संगणकीय नमुन्यात एका दिवसाची एक ओळ, १२० अक्षरांची. तीत ‘एबीजी’ हा अलिबागचा संकेत, तारीख, घटकाचे नाव, आधारमूल्य, चार-चार अंकांची चोवीस घरे आणि दिवसाची सरासरी. गाउसच्या काळचे चोवीस रकाने तसेच राहिले आहेत. नोंद नसेल तेथे घर रिकामे ठेवता येत नाही. ९९९९ लिहावे लागते. नंतरच्या नमुन्यात ९९९९९ लिहितात. वहीत रिकाम्या घराशेजारी निरीक्षक ‘दिवा विझला’ किंवा ‘कागद बदलताना विलंब’ असे दोन शब्द लिहू शके. नऊच्या रांगेत तशी सोय नाही. आणि या रांगेचा अर्थ ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याने सरासरी काढावयास घेतली तर त्या दिवशी अलिबागला कॅरिंग्टनलाही लाजवील असे वादळ झालेले दिसेल.

येथे महाविद्यालयीन अनुभवाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. लघुप्रबंध तपासताना अलीकडे असे वारंवार आढळते की विद्यार्थी आधी साचा निवडतो व मग विषय त्यात बसवितो. कार्यालयीन आज्ञावलीत २००७ पासून सहज मिळणाऱ्या वर्तुळाकार बाणांच्या आकृतीत कोकणातील खोती, कुळकायदा, स्थलांतर व शेतीचा ऱ्हास या चार गोष्टी बसविलेल्या मी पाहिल्या आहेत. शेवटचा बाण पुन्हा खोतीकडे वळलेला होता. शेतीच्या ऱ्हासातून खोती कशी निर्माण होते, हे विचारल्यावर विद्यार्थ्याने निरागसपणे सांगितले की आकृतीत बाण तसाच आला. दोष त्याचा एकट्याचा नाही. तोच तक्ता आधी मार्गदर्शकाच्या आणि मंडळाच्याही नजरेखालून गेला होता. मजकुरात ते विधान वाक्यरूपाने असते तर कोणीतरी लाल रेघ मारली असती.

मूस यांनीही साचाच वापरला, पण तो आपल्या प्रश्नासाठी बेतून घेतला आणि दोन मालिका जोडताना दोन वर्षांचे श्रम त्या जोडावर खर्च केले. आजच्या संगणकीय नमुन्यात ‘एबीजी’ या संकेताखाली १९०४ पूर्वीचा आकडा असण्याचे कारण नाही. कुलाब्याची मालिका तेथे संपते आणि अलिबागची सुरू होते. त्या दोहोंमधील दोन वर्षांचे समांतर वाचन कोणत्याही एका ओळीत लिहिलेले नाही. १८४६ पासूनचा सलग आलेख ज्याला काढावयाचा असेल त्याला मूस यांच्या छापील ग्रंथाकडेच जावे लागते, आणि तेथून पुढे, ज्यांना मोठ्या बदलाची खरी गती मापावयाची आहे त्यांना, धुतलेल्या कागदांवरील मूळ रेघांकडे. हे कागद आता हळूहळू संगणकीय प्रतिमांत उतरविले जात आहेत. त्या प्रतिमांसोबत मापनगुणकांच्या व आधारमूल्यांच्या वह्याही उतरविल्या गेल्या तरच २ सप्टेंबर १८५९ प्रमाणे एखाद्या दिवसाचा हिशेब पुन्हा मांडणे पुढच्या अभ्यासकास शक्य होईल.